चकाकी की साक्ष? टोपीच्या पॉकेट रिव्हॉल्व्हरांचा जीर्णोद्धार आणि इतिहासाचे नुकसान

१/ एकोणिसाव्या शतकातील, टोपीवर बार उडणारी, कोटाच्या खिशात मावणारी रिव्हॉल्व्हरे जमवणारा मोठा वर्ग आज अमेरिकेत आणि युरोपात आहे. या छंदात एक वाद कायम धुमसत असतो. दीडशे वर्षांचे झिजलेले हत्यार पुन्हा कारखान्यातून आल्यासारखे झळाळते करावे, की हाती आले तसेच राखावे? वरकरणी हा श्रीमंतांच्या काचेच्या कपाटातला वाद आहे. मुळात तो पुराव्याचा वाद आहे. या धाग्याची भूमिका अशी : जीर्णोद्धार झालेले हत्यार देखणे होते, पण त्याची साक्ष संपते.

२/ आधी पार्श्वभूमी. तोड्याची बंदूक जळत्या वातीने उडे, चकमकीची बंदूक गारगोटीच्या ठिणगीने. दोन्हींत रंजक काही क्षण तरी उघडी पडे आणि पाऊसवाऱ्यात बार फुसका जाई. १८०७ साली अलेक्झांडर फोर्सिथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने आघाताने पेटणाऱ्या रसायनावर चालणाऱ्या यंत्रणेचे पेटंट घेतले. पुढच्या दोन दशकांत ते रसायन तांब्याच्या इवल्याशा टोपीत बसले. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी थेट दारूपर्यंत पोहोचू लागली.

३/ या टोपीमुळेच रिव्हॉल्व्हर व्यवहार्य झाले. फिरत्या सिलिंडरच्या प्रत्येक कप्प्यामागे एकेक टोपी बसवता येऊ लागली. सॅम्युएल कोल्टने २५ फेब्रुवारी १८३६ रोजी अमेरिकेत आपले पेटंट मिळवले. पॅटरसन येथील त्याची पहिली कंपनी १८४२ मध्ये बुडाली. मेक्सिकोशी झालेल्या युद्धामुळे १८४७ मध्ये लष्कराची मागणी आली आणि १८४८ पासून कोल्टचा कारखाना हार्टफर्ड येथे नव्याने उभा राहिला.

४/ कोल्टचे नाव घेतले की लष्करी, अवजड रिव्हॉल्व्हर डोळ्यांपुढे येते. पण टोपीच्या काळात त्याच्या कारखान्यातून सर्वाधिक संख्येने बाहेर पडले ते १८४९ चे पॉकेट मॉडेल. नळीचा व्यास .३१ इंच, म्हणजे सुमारे ८ मिलिमीटर. बहुतेकांत पाच बार, काहींत सहा. नळीची लांबी तीन ते सहा इंच. १८७३ पर्यंत हार्टफर्डमध्ये अशी सुमारे सव्वातीन लाख रिव्हॉल्व्हरे बनली. लंडनमध्ये कोल्टने १८५३ ते १८५६ या काळात चालवलेल्या कारखान्यात आणखी सुमारे ११,००० तयार झाली.

५/ या आकड्यांचा अर्थ लक्षात घ्यावा. ही शस्त्रे मुख्यतः सरकारने नव्हे, सामान्य नागरिकांनी विकत घेतली. जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सोने सापडले आणि पुढच्याच वर्षी तिकडे माणसांचा लोंढा सुटला. खाणीकडे निघालेला तरुण, घोडागाडीचा प्रवासी, पेढीवरचा कारकून, यादवी युद्धात घरून स्वतःचे हत्यार घेऊन गेलेला शिपाई : अशा माणसांचे हे शस्त्र. लष्करी शस्त्रांचा हिशेब सरकारी दप्तरात उरतो. खासगी शस्त्राचा हिशेब बहुतेक वेळा त्या शस्त्राच्या अंगावरच उरतो.

६/ त्यावर काय उरते हे समजण्यासाठी ते वापरले कसे जाई हे पाहावे. कोकणात ‘ठासणीची बंदूक’ हा शब्द अजून वापरात आहे. हीसुद्धा ठासणीचीच जात. प्रत्येक कप्प्यात समोरून दारू ओतायची, त्यावर शिशाची गोळी ठेवायची, नळीखालच्या दांडीने ती ठासायची आणि मागे टोपी बसवायची. पाच बार भरायला वेळ लागे. त्या दारूची काजळी हवेतला ओलावा शोषते. टोपीच्या मिश्रणातून उरणारे क्षारही ओल धरतात. म्हणून टोपी बसते त्या जागेभोवती गंजाचे खोल खड्डे पडतात.

७/ हे खड्डे म्हणजे नोंद आहे. टोपीच्या जागांभोवती धातू खाल्ला गेला असेल आणि बाकीचे अंग बरे असेल, तर ते हत्यार वारंवार उडवले गेले आणि वेळेवर पुसले गेले नाही, असा तर्क करता येतो. उलट त्या जागा स्वच्छ आणि नळीच्या एकाच बाजूला गंज असेल, तर ते बहुधा वर्षानुवर्षे एका कुशीवर कुठेतरी पडून होते. नळीच्या तोंडाजवळची झाक घासली गेली असेल, तर ते चामड्याच्या म्यानात बाळगले गेले असावे.

८/ आता क्रमांकांकडे येऊ. कोल्टच्या कारखान्याची ख्याती यंत्रावर बनणाऱ्या, अदलाबदल करता येणाऱ्या सुट्या भागांसाठी होती. १८५१ साली कोल्टने लंडनच्या सिव्हिल इंजिनियरांच्या संस्थेत या यंत्रनिर्मितीवर व्याख्यानही दिले. पण त्याच्या रिव्हॉल्व्हरांवर एकच क्रमांक नळी, सांगाडा, सिलिंडर, चापाभोवतीची कडी, मुठीची पट्टी आणि नळी धरून ठेवणारी पाचर अशा अनेक ठिकाणी ठोकलेला आढळतो.

९/ भाग खरोखरच पूर्णपणे अदलाबदल करण्याजोगे असते, तर प्रत्येकावर क्रमांक ठोकण्याची गरजच काय? उत्तर असे की भाग मऊ असतानाच कारागीर ते हाताने घासून एकमेकांत बसवत, मग त्यांवर क्रमांक टाकून कठीण करण्याच्या भट्टीकडे पाठवत आणि परत आल्यावर त्याच क्रमांकांनी जुळवत. ‘यंत्रयुगाच्या चमत्कारा’मागे कानस चालवणारे हात होते, हे जाहिरात सांगत नाही. ठोकलेला आकडा सांगतो.

१०/ नळीवरचा पत्ताही बोलतो. काहींवर न्यूयॉर्क, काहींवर हार्टफर्ड, तर लंडनच्या कारखान्यातील नगांवर लंडन. ब्रिटनमध्ये विकल्या जाणाऱ्या प्रत्येक शस्त्राची कायद्याने चाचणी होई आणि मुकुट असलेल्या बारीक मुद्रा नळीवर व सिलिंडरवर उमटत. अमेरिकी पत्त्याच्या नगावर अशी मुद्रा दिसली, तर तो अटलांटिक ओलांडून ब्रिटिश बाजारपेठेत गेला होता हे कळते. एका मिलिमीटरभर आकाराच्या खुणेत आंतरराष्ट्रीय व्यापाराचा एक धागा सापडतो.

११/ सिलिंडरवरील चित्र हा आणखी एक दस्तऐवज. १८४९ च्या मॉडेलवर घोडागाडी लुटू पाहणाऱ्या दरोडेखोरांचा प्रसंग आहे. तो वॉटरमन ऑर्म्स्बी या चलनी नोटांच्या कोरीवकाम करणाऱ्याने पोलादी ठशावर कोरला आणि तो ठसा दाबून सिलिंडरवर फिरवला जाई. नोटांची नक्कल रोखणारी कला इथे शस्त्रावर आली. हे चित्र इतके उथळ असते की हत्याराच्या वापरात तेच आधी पुसट होते.

१२/ पुढचा अध्याय पेटंटचा. १८५५ साली रॉलिन व्हाइट याने आरपार छिद्र असलेल्या सिलिंडरचे पेटंट मिळवले आणि त्याचा परवाना स्मिथ अँड वेसन कंपनीने घेतला. १८५७ पासून तिची धातूच्या काडतुसाची छोटी रिव्हॉल्व्हरे बाजारात आली. पेटंट १८६९ पर्यंत टिकले. म्हणजे चांगले तंत्र उपलब्ध असूनही कोल्टला अमेरिकेत बारा वर्षे टोपी-ठासणीतच अडकून राहावे लागले. व्हाइटला मुदतवाढीची वाट खुली करून देणारे विधेयक राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांनी १८७० मध्ये नाकारले.

१३/ मुदत संपताच कोल्टने शिल्लक भाग वापरून आणि जुने घाट बदलून काडतुसाची रिव्हॉल्व्हरे काढली. ठासणीची दांडी काढलेली, सिलिंडरचा मागचा भाग कापलेला, नवी कडी बसवलेली अशी संक्रमणकाळातली पॉकेट रिव्हॉल्व्हरे आजही सापडतात. एखादा संग्राहक त्यांना ‘बिघडवलेली’ समजून पुन्हा टोपीच्या रूपात आणू पाहतो. असे करताना तो तंत्रज्ञानाच्या इतिहासातली सर्वांत बोलकी पायरीच मिटवतो.

१४/ आता जीर्णोद्धारात नेमके काय होते ते पाहू. गंजाचा खड्डा भरून काढण्याचे दोन मार्ग. एक म्हणजे त्यात वितळलेला धातू भरणे. दुसरा म्हणजे खड्ड्याच्या तळापर्यंत आजूबाजूचे सगळे पोलाद घासून खाली आणणे. दुसऱ्या मार्गात पत्ता, क्रमांक, चाचणीची मुद्रा आणि चित्र हे सगळे त्या घासणीत जाते किंवा अर्धवट उरते. म्हणून मग ते नव्याने कोरावे लागते. त्यावर नवी निळसर-काळी झाक, सांगाड्यावर नवे रंगछटांचे ढग आणि पितळी पट्टीवर नवा चांदीचा मुलामा चढतो.

१५/ शेवटी हाती जे येते ते १८५५ चे पोलाद असते, पण त्याचा पृष्ठभाग आजचा असतो. आणि इतिहासाची जवळजवळ सगळी नोंद पृष्ठभागावरच असते. हे समजायला मराठी वाचकाला एकच उपमा पुरेशी आहे. मोडी कागदाची शाई पुसट झाली म्हणून कोणी ती अक्षरे नव्या शाईने गिरवली, तर कागद जुना असला तरी त्यातला पुरावा कोणता अभ्यासक स्वीकारील? गिरवणाऱ्याने ‘क’ बरोबर वाचला होता की चुकीचा, हे तपासण्याचा मार्गच बंद झालेला असतो.

१६/ शिवराईचे उदाहरण आणखी जवळचे. तांब्याचे नाणे हाती आले की ते चिंचेने लख्ख घासण्याचा मोह अनेकांना होतो. नाणे चमकते, पण शतकांचा थर जातो, अक्षरांच्या कडा झिजतात आणि नाणे कुठल्या मातीत पडून होते याचा माग सांगणारा अंशही धुऊन जातो. जाणता नाणेसंग्राहक अशा नाण्याला कमी लेखतो. शस्त्राला वेगळा न्याय लावण्याचे कारण नाही.

१७/ व्यंग हेच ओळखपत्र कसे ठरते, याचा पक्का दाखला उपलब्ध आहे. १४ एप्रिल १८६५ रोजी वॉशिंग्टनच्या फोर्ड्स थिएटरमध्ये अब्राहम लिंकन यांच्यावर झाडलेले पिस्तूल हेही टोपीचेच, खिशातले, एकबारी डेरिंजर होते. ते चोरून त्या जागी नक्कल ठेवली गेली आहे, अशी वदंता पुढे पसरली. १९९७ मध्ये एफबीआयच्या प्रयोगशाळेने ते तपासले आणि १९३० च्या दशकातील छायाचित्रांशी ताडून पाहिले.

१८/ जुळले काय? लाकडाच्या रेषांचे वळण, धातूतले बारीक दोष, असल्याच खुणा. त्यांवरून पिस्तूल अस्सल ठरले. मधल्या काळात एखाद्या हौशी अधिकाऱ्याने ते ‘राष्ट्राच्या प्रतिष्ठेला शोभेल असे’ चकचकीत करून घेतले असते, लाकूड घासून पॉलिश केले असते, तर हा निर्णय देणे फार अवघड झाले असते. त्या शस्त्राची सत्यता त्याच्या दोषांनी वाचवली.

१९/ हा वाद नवा नाही. १८४९ सालीच, म्हणजे या मॉडेलला ज्या वर्षाचे नाव मिळाले त्याच वर्षी, जॉन रस्किन यांचा ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ हा ग्रंथ आला. जुन्या इमारतींचा जीर्णोद्धार म्हणजे त्यांचा नाशच, अशी कठोर भूमिका त्यांनी त्यात मांडली. १९६४ च्या व्हेनिस सनदेने हीच चिंता अधिक संयत शब्दांत नियमबद्ध केली : जिथे अनुमान सुरू होते, तिथे जीर्णोद्धाराने थांबावे. ही सनद वास्तूंसाठी आहे, पण तिचा तर्क वस्तूंनाही लागू पडतो.

२०/ आता विरोधी बाजू, आणि ती हलकी नाही. पहिला आक्षेप : गंज थांबवला नाही तर हत्यारच उरणार नाही, मग साक्ष कसली? हे खरे आहे. पण गंज थांबवणे आणि गंजाच्या खुणा पुसणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. सैल, वाढता गंज हलक्या हाताने काढणे, तेल वा मेणाचा थर देणे आणि कोरड्या हवेत ठेवणे याला जतन म्हणतात. जतनाने काळ पुढे सरकणे मंदावते. जीर्णोद्धार काळ मागे गेल्याचा भास निर्माण करतो.

२१/ दुसरा आक्षेप : जुनी पद्धत वापरून तीच झाक आणणारे कारागीर हा स्वतःच एक वारसा आहे. हाडांच्या कोळशात पोलादाचे भाग बंद करून तापवणे, मग पाण्यात बुडवून त्यांवर निळे-तपकिरी रंग उमटवणे ही विद्या टिकली पाहिजे. नक्कीच टिकावी. पण तिच्यासाठी अस्सल वस्तूचा बळी देणे आवश्यक नाही. इटलीतील उबर्टी ही कंपनी १९५९ पासून अशा जुन्या शस्त्रांच्या प्रतिकृती बनवते आणि त्यांत या पॉकेट मॉडेलचीही प्रतिकृती आहे. ज्याला चकाकी हवी, ज्याला बार उडवून पाहायचा, त्याने प्रतिकृतीवर हौस भागवावी.

२२/ तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार : अशी लाखो रिव्हॉल्व्हरे बनली, मग त्यातले एखादे घासले तर इतिहासाचे काय बिघडले? उत्तर या आक्षेपातच दडलेले आहे. कारखान्यातून निघताना ती सगळी जवळजवळ सारखीच होती. कारखान्याची नवी झाक त्यातल्या कोणत्याही एकाबद्दल काहीच सांगत नाही. प्रत्येकाचे वेगळेपण नंतर घडले, वापरातून, दुर्लक्षातून, दुरुस्तीतून. ते पुसले की सव्वातीन लाखांपैकी एक नग उरतो, आणि तसे नग पुष्कळ आहेत.

२३/ एकोणिसाव्या शतकात गावच्या लोहाराने बसवलेला ओबडधोबड स्क्रू, फुटलेल्या मुठीला मारलेली तार, नंतर आखूड केलेली नळी : हे सगळे त्याच न्यायाने जपावे. मालकाजवळ नवे हत्यार घेण्याइतके पैसे नव्हते, कारखाना दूर होता, पण शस्त्राची गरज होती, एवढे सगळे त्या तारेतून कळते. मूळ रूपाच्या हट्टापायी ती तार काढून नवी अक्रोडाची मूठ बसवणे म्हणजे एका माणसाला इतिहासातून काढून टाकणे.

२४/ बाजारालाही हे कळते. अमेरिकेच्या नॅशनल रायफल असोसिएशनने जुन्या शस्त्रांसाठी ठरवलेल्या प्रतवारीत मूळ झाक किती उरली यावर वरच्या श्रेणी ठरतात आणि पुन्हा झाक दिलेले हत्यार खालच्या श्रेणीत जाते. इथेच लबाडीला वाव मिळतो. आजचा मालक ‘जीर्णोद्धार केलेले’ असे सांगून विकतो. दुसरा ते सांगायला विसरतो. तिसऱ्याच्या हाती ते ‘अस्सल, न वापरलेले’ म्हणून जाते. नव्याने कोरलेला क्रमांक मग अभ्यासकांच्या याद्यांतही शिरतो.

२५/ भारतीय वाचकासाठी कायद्याची बाजू महत्त्वाची आहे. अमेरिकेत १९६८ च्या कायद्यानुसार १८९८ पर्यंत बनलेले शस्त्र पुरातन मानले जाते. तिथे वर्षाला महत्त्व आहे, म्हणून ते चालू स्थितीत आणले तरी फारसा फरक पडत नाही. भारताच्या शस्त्र अधिनियम, १९५९ मधील कलम ४५ ची सवलत वेगळ्या कसोटीवर उभी आहे. कालबाह्य घाटाचे किंवा पुराणवस्तू म्हणून मोल असलेले शस्त्र दुरुस्त करून वा न करता, कसेही अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसेल, तरच ती सवलत आहे.

२६/ म्हणजे जुन्या वाड्याच्या माळ्यावर सापडलेली टोपीची बंदूक वा पिस्तूल ‘चालू करून पाहू’ असे म्हणणारा तरुण पुरावा तर गमावतोच, शिवाय कायद्याच्या कचाट्यातही सापडू शकतो. केवळ जुने आहे म्हणून ते परवान्याशिवाय बाळगता येते, हा समज चुकीचा आहे. अशी वस्तू सापडली तर ती उडवून पाहू नये, घासू नये, खोलू नये. आत जुनी दारू भरलेली असण्याची शक्यता असते. पोलिसांना कळवावे आणि जाणत्या संग्रहालयाचा सल्ला घ्यावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात वस्तूंच्या जतनासाठी स्वतंत्र केंद्र आहे.

२७/ खंडेनवमीला घरातील शस्त्रे घासूनपुसून पूजेला मांडण्याची रीत महाराष्ट्रात जुनी आहे. ती श्रद्धेची बाब आहे आणि त्या घासण्याच्या खुणाही त्या शस्त्राच्या इतिहासाचाच भाग आहेत. पूजा करणारा ‘हे १८५५ सारखे दिसते’ असा दावा करत नाही. जीर्णोद्धार करणारा संग्राहक नेमका तोच दावा करतो. आक्षेप घासण्यापेक्षा त्या दाव्यावर अधिक आहे.

२८/ मग संग्राहकाने काय करावे? हात लावण्यापूर्वी सर्व बाजूंनी छायाचित्रे काढावीत. जे केले ते लिहून ठेवावे आणि ती नोंद हत्याराबरोबर पुढच्या मालकाकडे जावी. जे करायचे ते पुन्हा काढता येईल असेच करावे : मेण चालेल, वेल्डिंग नाही. आधीच कोणी नव्याने घडवलेले हत्यार हाती आले, तर ते तसेच म्हणून ठेवावे. तेही विसाव्या शतकाच्या आवडीनिवडीचा पुरावा आहे. आणि विकताना एकही दुरुस्ती लपवू नये.

२९/ शस्त्रांच्या संग्रहात शौर्याचे आकर्षण असते आणि चकाकी त्या आकर्षणाला खतपाणी घालते. नव्यासारखे झळाळणारे रिव्हॉल्व्हर कोणावरही रोखले गेले नसावे, असे वाटू लागते. झिजलेले हत्यार तो दिलासा देत नाही. ते कोणीतरी भीतीपोटी बाळगले, कोणीतरी कदाचित झाडले, आणि मग विसरले. इतिहासाच्या अभ्यासकाला त्या माणसांशीच कर्तव्य आहे. त्यांच्या हातांच्या खुणा पोलादावर आहेत तोवर त्या तिथेच राहू द्याव्यात.